किरकोळ भाजल्यास घरी करावयाची शुश्रूषा व मलमपट्टी



या पृष्ठांवर आपण उत्सवांच्या तिथी, देणगीदारांची नामावली आणि प्रसंगपरत्वे एखादा लेख वाचत असता. आरोग्यविषयक लेखन हे आमचे क्षेत्र नव्हे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तथापि २०२३ सालच्या दत्तजयंतीस आपल्या मंदिराच्या स्वयंपाकघरात जो प्रसंग घडला, त्यानंतर या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटू लागले. संबंधित भगिनींची अनुमती घेऊनच तो प्रसंग येथे सांगत आहोत.

त्या दिवशी महाप्रसादाचा भात वेळत असताना पातेले कलंडले आणि उकळती पेज एका सेवेकरी भगिनींच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत सांडली. क्षणात धावपळ उडाली. कोणी कणीक आणा म्हणाले, कोणी हळद, कोणी शाई. आम्ही स्वतः कार्यालयातून टूथपेस्टची नळी आणली आणि मोठ्या तत्परतेने त्यांच्या हातावर पिळली. पाण्याचा नळ तेथून वीस पावलांवर होता. त्याकडे आमच्यापैकी एकाचेही लक्ष गेले नाही. पुढे दवाखान्यात तो वाळलेला लेप धुऊन काढताना त्या भगिनींना ज्या वेदना झाल्या, त्या भाजतेवेळच्या वेदनांहून अधिक होत्या, असे त्या आजही सांगतात. डॉक्टरांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ घातलेत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. जखम भरून येण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला आणि हातावर डाग राहिला तो राहिलाच.

या प्रसंगानंतर आम्ही दोन डॉक्टर सभासदांकडून हा विषय नीट समजून घेतला, काही वाचनही केले. त्यातून जे कळले ते पुढे देत आहोत. हे विवेचन केवळ किरकोळ भाजण्यापुरते आहे. किरकोळ कशाला म्हणावे हेही ओघाने येईलच.

आपल्या मराठीत यासाठी किती शब्द आहेत पाहा. चटका बसणे, पोळणे, भाजणे, होरपळणे. जाणत्या स्त्रिया हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. तव्याचा चटका बसतो, वाफेने पोळते, विस्तवाने भाजते. ही चढती श्रेणी वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात दग्धाचे चार प्रकार सांगितले आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. प्लुष्टात त्वचेचा केवळ वर्ण पालटतो, दुर्दग्धात तीव्र आग होऊन फोड उठतात आणि अतिदग्धात मांसापर्यंत हानी पोहोचते. आधुनिक डॉक्टरही जखमेची खोली पाहूनच वर्गवारी करतात. केवळ बाह्यत्वचा भाजली असेल तर ती जागा लाल होते, झोंबते, पण फोड येत नाही. अशी जखम साधारण आठवड्याभरात डाग न ठेवता बरी होते. तिच्याखालील अंतस्त्वचेच्या वरच्या थरापर्यंत धग पोहोचली तर फोड येतात, जागा ओलसर व गुलाबी दिसते आणि स्पर्शही सहन होत नाही. ही जखम दोन ते तीन आठवडे घेते. त्याहून खोल गेलेली जखम मात्र पांढुरकी, चामड्यासारखी कडक किंवा काळवंडलेली दिसते आणि तेथे पुष्कळदा वेदनाच नसतात, कारण वेदना जाणवणारे मज्जातंतूच जळालेले असतात. "दुखत नाही, म्हणजे फारसे भाजले नाही" ही समजूत म्हणूनच घातक आहे.

आता पाण्याविषयी. आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने लिहितो.

गॅस बंद केल्यावरही जाड बुडाच्या पातेल्यातील खीर काही काळ रटरटत राहते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. त्वचेचेही तसेच होते. उकळते पाणी सांडून ओघळून गेले, तरी त्याची उष्णता त्वचेच्या थरांत शिरलेली असते आणि ती आत आत जाऊन पेशी भाजत राहते. वरून काहीही फासले तरी ही उष्णता निघत नाही. उलट तूप, तेल किंवा लेप यांखाली ती कोंडून राहते. ती बाहेर काढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वाहते, साधे, थंड पाणी, आणि तेही पूर्ण वीस मिनिटे. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील तज्ज्ञांच्या संस्थांनी हाच कालावधी सांगितला आहे. दोन मिनिटे हात ओला करून चालत नाही. आग थांबल्यासारखी वाटली तरी हात पाण्याखालून काढू नये, घड्याळ पाहावे. भाजल्याक्षणी पाणी मिळाले नाही तरी निराश होऊ नये. पहिल्या तीन तासांत केव्हाही वीस मिनिटे पाणी घातल्यास त्याचा उपयोग होतो. त्या दिवशी दवाखान्यात पोहोचण्यास आम्हांस पाऊण तास लागला होता. वाटेत कोठेही थांबून पाणी घालता आले असते, हे आम्हांस पुढे कळले.

आपल्या इंदुरात अनेक भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, हे आम्ही जाणतो. नळ कोरडा असेल तर बादलीतील पाणी तांब्याने संथपणे ओतत राहावे. पाणी कमी असल्यास तेच पाणी स्वच्छ परातीत धरून पुन्हा ओतले तरी चालेल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वैशाखातील दुपारी गच्चीवरील टाकीचे पाणी स्वतःच इतके तापलेले असते की त्याने जखम निवणे दूरच राहिले. अशा वेळी आधी हाताने पाणी पाहावे, तापलेले पाणी वाहून जाऊ द्यावे, नाहीतर कूपनलिकेचे किंवा माठातील पाणी घ्यावे. बर्फ मात्र लावू नये. बर्फाने तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्वचेस रक्त मिळत नाही आणि आधीच दुखावलेल्या भागास गारठ्याने दुसरी इजा होते. शीतपेटीतील बर्फाचे पाणीही नको. लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असेल तर केवळ भाजलेला भाग पाण्याखाली धरून उरलेले अंग शालीने झाकावे आणि हुडहुडी भरल्यास थांबावे.

पाणी सुरू असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ आणि मनगटावरील गंडेदोरे काढून घ्यावेत. सूज अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि मग अंगठी कापावी लागते. कोणास दोरा काढणे अशुभ वाटत असेल, त्यांनी तो पुन्हा बांधून घ्यावा, आमचे गुरुजी आनंदाने बांधून देतील. अंगावरील कपड्यावर गरम पदार्थ सांडला असल्यास कपड्यावरूनच तत्काळ पाणी ओतावे आणि मग कपडा अलगद काढावा. जखमेस चिकटलेला कपडा मात्र ओढू नये, भोवतीने कापून तेवढा तुकडा तसाच ठेवावा.

वीस मिनिटे पाणी घालत असताना विचार करण्यास सवड मिळते. घरी उपचार करावयाचे की डॉक्टरांकडे जावयाचे, हे तेव्हाच ठरवावे. मोजमाप सोपे आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम असेल तर ती घरी ठेवू नये. चेहरा, डोळे, गुप्तांग, पाऊल किंवा कोणताही सांधा भाजला असल्यास आणि हातावर फोड आले असल्यास, जखम लहान असली तरी दाखवावी, कारण या जागी भरून येताना त्वचा आखडली तर हालचाल कायमची अडते. मनगटाभोवती किंवा बोटाभोवती कड्यासारखी गोल भाजलेली जखमही अशीच. पाच वर्षांखालील बालके, साठीपुढील ज्येष्ठ, गर्भवती स्त्रिया आणि मधुमेही यांच्या बाबतीत धीर धरू नये. विजेचा धक्का बसून भाजले असल्यास वरून दिसते त्याहून आतील इजा मोठी असू शकते आणि हृदयावरही परिणाम होतो. म्हणून प्रथम मुख्य बटण बंद करून, मगच रुग्णास स्पर्श करून रुग्णालय गाठावे. फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडाने भाजल्यास वीस मिनिटांवर न थांबता भरपूर पाणी घालत राहावे. कोरडी चुनकळी अंगावर पडल्यास आधी ती कोरड्या फडक्याने झटकून मग पाणी घालावे. धूर छातीत गेला असेल, आवाज घोगरा झाला असेल तर जखम दिसो वा न दिसो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेही भाविकांविषयी येथे थोडे अधिक लिहितो. चैत्र-वैशाखात भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालण्याची अनेकांची श्रद्धा असते. अंगणातील दगडी फरशी त्या वेळी तव्यासारखी तापलेली असते. निरोगी माणूस चार पावलांत सावलीकडे पळतो. परंतु दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायाची संवेदना मंदावलेली असते, त्यांना चटका जाणवतच नाही. अकरा प्रदक्षिणा पूर्ण होतात आणि रात्री घरी पाय धुताना तळपायावर फोड आढळतो. अशी जखम चिघळून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकतानाही हेच घडते. विश्वस्त मंडळाने प्रदक्षिणामार्गावर काथ्याच्या पट्ट्या अंथरल्या आहेत आणि त्यांवर पाणी शिंपडण्याची व्यवस्था केली आहे. तरीही मधुमेही भाविकांनी सकाळी आठपूर्वी किंवा सूर्यास्तानंतर प्रदक्षिणा घालावी, पायात मोजे ठेवण्यास मंदिराची कोणतीही हरकत नाही, आणि तळपायावर तांदळाएवढा फोड दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावा.

वर सांगितलेल्यांपैकी काही नसेल, जखम लहान व उथळ असेल, तर घरी मलमपट्टी करता येते.

प्रथम हात साबणाने धुवावेत. जखमेची जागा पाण्याने व सौम्य साबणाने हलकेच स्वच्छ करावी आणि भोवतालची त्वचा स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी, पुसू नये. फोड नसेल, केवळ लाली असेल तर पट्टीची गरजही नसते. पांढरे साधे व्हॅसलीन किंवा कोरफडीचे जेल पातळ लावले की पुरे. फोड असल्यास तो फोडू नये. फोडावरील कातडी ही निसर्गाने दिलेली निर्जंतुक पट्टीच आहे, आतील लस आपोआप जिरते. हा मोह आवरणे कठीण असते, विशेषतः मुलांना. म्हणून फोड झाकून ठेवावा. तो आपोआप फुटल्यास पाण्याने धुऊन, लोंबणारी कातडी ओढून न काढता, वरून पट्टी करावी. फारच मोठा किंवा सांध्यावरील ताणलेला फोड असेल तर डॉक्टर तो योग्य रीतीने मोकळा करतात, ते काम सुईने घरी करू नये.

पट्टीचे तीन थर असतात. जखमेस लागून येणारा पहिला थर न चिकटणारा हवा. औषधांच्या दुकानात पॅराफिन गॉज म्हणून जाळीदार, तुपकट कापड निर्जंतुक पाकिटात मिळते, ते उत्तम. ते जखमेच्या कडेबाहेर सर्व बाजूंनी बोटभर अधिक असावे. त्यावर कोरड्या गॉजच्या घड्या ठेवाव्यात. त्या पाझरणारी लस शोषून घेतात. त्यावर सैलसर रोलर पट्टी गुंडाळावी किंवा कागदी चिकटपट्टी लावावी. कापूस थेट जखमेवर ठेवण्याची चूक सर्रास होते. त्याचे तंतू जखमेत रुततात आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना नवी आलेली नाजूक त्वचा त्यांच्याबरोबर उपटून येते. दोन बोटे भाजली असल्यास प्रत्येकास स्वतंत्र पट्टी करावी, एकत्र गुंडाळू नयेत. पट्टी झाल्यावर नख दाबून पाहावे. पांढरे झालेले नख सोडताच गुलाबी झाले तर ठीक, अन्यथा पट्टी घट्ट झाली असे समजून सैल करावी. हात उशीवर उंच ठेवल्यास सूज व ठणका दोन्ही कमी होतात.

गॉज हाताशी नसेल तर स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद कामी येतो. त्याचा वरचा वेढा टाकून देऊन पुढचा तुकडा जखमेवर अंथरावा, गुंडाळू मात्र नये. हाताच्या पंजासाठी स्वच्छ पारदर्शक पिशवी चालते. डॉक्टरांना ती न काढताच जखम पाहता येते आणि हवा न लागल्याने झोंबणे तत्काळ कमी होते. दवाखान्यात जावयाचे असल्यास एवढेच करावे, काहीही फासू नये.

पट्टी दर एक ते दोन दिवसांनी, किंवा ती ओली वा मळकी झाल्यास लगेच बदलावी. चिकटली असेल तर ओढू नये. उकळून गार केलेल्या पाण्याने दहा मिनिटे भिजवावी, ती आपोआप सुटते. वेदनेसाठी प्रौढांनी पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या दोनपेक्षा अधिक नको, दोन वेळांत निदान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि चोवीस तासांत एकूण आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये. ज्यांचे वजन फार कमी आहे किंवा ज्यांना यकृताचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारूनच घ्यावी. मुलांची मात्रा त्यांच्या वजनावर ठरते, ती विचारूनच द्यावी. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, किंवा ती केव्हा घेतली हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारावे. भाजलेली जखम या दृष्टीने जोखमीची मानली जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढू लागला, भोवतालची लाली पसरू लागली, पू किंवा दुर्गंध येऊ लागला, ताप आला, तर जखम दूषित झाली असे समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लहान मुलाची जखम क्षुल्लक असली तरी त्यास ताप, पुरळ, उलट्या किंवा गुंगी आल्यास एक तासही थांबू नये. जखम दोन आठवड्यांत भरून येताना दिसली नाही, तरीही दाखवावी.

आता हळद, तूप, मध, बटाटा यांविषयी. घरोघरी वडीलधारी मंडळी हे उपाय सांगतात आणि ते निव्वळ अंधश्रद्धा म्हणून उडवून लावावेत असे आम्हांस वाटत नाही. किंबहुना आपल्याच महाराष्ट्रातील डॉक्टरांनी यांपैकी काहींची कसोशीने परीक्षा केली आहे. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ साली केळीच्या पानाची पट्टी आणि बटाट्याच्या सालीची पट्टी यांची तुलना केली. दोन्ही सारख्याच गुणकारी ठरल्या, केळीचे पान अधिक स्वस्त व तयार करण्यास सोपे ठरले. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाच्या पट्ट्यांवर १९९१ पासून संशोधन प्रसिद्ध केले. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मधाच्या पट्टीने अशा उथळ जखमा नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस आधी भरतात असे आढळले.

हे वाचून आम्हांस प्रथम फार आनंद झाला. ज्या केळीच्या पानावर आपण प्रसाद वाढतो, तेच पान जखमेवर! परंतु डॉक्टर सभासदांनी आम्हांस दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली ही की त्या साली, ती पाने निर्जंतुक करून वापरली होती. बाजारातून आणलेले पान किंवा भाजीच्या टोपलीतील बटाटा तसा नसतो, आणि डब्यातील मधही नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पान व साल यांचा गुण त्यांच्या रसात नसून ती जखमेस चिकटत नाहीत आणि तिचा ओलावा टिकवतात, यात आहे. जखम उघडी टाकून वाळवावी, खपली धरू द्यावी, असे पूर्वी सर्वत्र मानले जाई. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी प्राण्यांवरील प्रयोगात दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. दहा-वीस रुपयांचे पॅराफिन गॉज तेच काम निर्धोकपणे करते. हळदीचा प्रश्न आणखी निराळा आहे. तिच्या पिवळ्या रंगाखाली जखमेचा खरा रंग झाकला जातो आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. शाई, टूथपेस्ट आणि कणीक यांच्या बाजूने तर काहीच सांगता येत नाही.

सुश्रुताचार्यांनी प्लुष्ट दग्धास शेक व उष्ण औषध सांगितले आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे, कारण एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस तो अध्याय उघडून दाखवला. त्यांचे वर्गीकरण आजही थक्क करते. उपचाराच्या या एका मुद्द्यावर मात्र आजचे ज्ञान वेगळे आहे, आणि निरीक्षणाचा एवढा आग्रह धरणाऱ्या त्या आचार्यांनी आजचे प्रयोग पाहिले असते तर त्यांनीही पाण्याचाच पक्ष घेतला असता, असे आमचे नम्र मत आहे.

अनेक घरांत सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीयुक्त पांढरे मलम असते. १९६८ पासून ते भाजलेल्या जखमांसाठी वापरात आहे. परंतु लहान, उथळ जखमांत ते नव्या पट्ट्यांच्या तुलनेत भरून येण्यास विलंब करते असे आढळले आहे, आणि सल्फा औषधांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना ते चालत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यासच वापरावे.

जखम बुजल्यावर नवी त्वचा कोरडी पडते व खाजते. दिवसातून दोन-तीन वेळा खोबरेल तेल किंवा साधे मलम हलक्या हाताने चोळावे. मात्र हे त्वचा पूर्ण बुजल्यावरच, आधी नव्हे. पुढे वर्षभर त्या भागास उन्हापासून जपावे, नाहीतर डाग काळवंडतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली जखम जाड व्रण धरू शकते, तो दिसू लागताच दाखवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. आपल्या मंदिरात निरांजने, कापूर, होम, समया आणि मोठ्या चुली नित्य पेटतात, म्हणून विश्वस्त मंडळाने पुढील व्यवस्था केली आहे. स्वयंपाकघराच्या दारालगत एक नळ केवळ या कामासाठी मोकळा ठेवला आहे. त्याखाली भांडी ठेवू नयेत. नळाशेजारी झाकणाची भरलेली बादली, तांब्या आणि भिंतीवर घड्याळ आहे. भात वेळण्याचे काम दोन व्यक्तींनीच करावे, एकट्याने पातेले उचलू नये. चुलीजवळ काम करताना सुती वस्त्र असावे व पदर खोचलेला असावा. स्वयंपाक चालू असताना मुलांना आत पाठवू नये. कापूर तळहातावर पेटवून आरती करण्याची काही भाविकांना सवय आहे, ती कृपया मंदिरात करू नये.

प्रथमोपचार पेटी कार्यालयाच्या कपाटात नसून आता स्वयंपाकघरातच, नळाच्या वरच्या फळीवर आहे. तीत पॅराफिन गॉज, कोरडे गॉज, रोलर पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, कात्री, पारदर्शक पिशव्या आणि पॅरासिटामॉल एवढेच आहे. कोणतेही रंगीत मलम मुद्दाम ठेवलेले नाही. पेटीतील वस्तू वापरल्यास शेजारच्या वहीत नोंद करावी, म्हणजे ती त्याच आठवड्यात पुन्हा आणून ठेवता येईल. पाकिटांवरील मुदतीची तारीख दर पौर्णिमेस पाहण्याचे काम त्याच भगिनींनी आपण होऊन स्वीकारले आहे, ज्यांच्या हातावर ती पेज सांडली होती. २०२४ च्या दत्तजयंतीस त्या पुन्हा भात वेळण्यास उभ्या होत्या.



सचिव
विश्वस्त मंडळाकरिता